प्रांजलचा ण

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर मेंढरं वळली, पण घरातली माणसं काही त्यांना कधी वळता आली नाहीत, असं मी समजून होते. गेल्या साली त्यांनी तेही करून दाखवलं. एका संध्याकाळी आम्ही सांगलीहून परत आलो. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चूळ भरली, बाजेवर बसले आणि जाहीर केलं, "आजपासनं प्रांजलम्होरं कुनी गावठी बोलायचं न्हाई. शुद्ध बोलायचं. पुस्तकात असतंय तसं."

"का पर, मामा?" मी विचारलं.

"मशीन पुन्याचं हाय," ते म्हणाले आणि तंबाखूची डबी उघडली. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

प्रांजल माझी लेक, तेव्हा तीन वर्षांची होत आलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मागं फटाका वाजला तरी पोर दचकत नाही, हे सगळ्यात आधी माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं. मग दवाखाने झाले, औंधाच्या यमाईला नवस झाला आणि शेवटी पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिच्या कानामागं कातडीखाली एक यंत्र बसवलं आणि त्याच्या बारीक तारा आत, कानाच्या शंखात सोडल्या. बाहेरून कानावर एक छोटं मशीन अडकवायचं. त्याची गोल चकती केसांत लोहचुंबकानं चिकटून बसते. मशीन आवाज पकडतं, चकती तो आत पोचवते आणि तारा तो नसेला देतात. याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. आमच्या गावात याला 'प्रांजलचं मशीन' म्हणतात.

आमचं गाव मायणीच्या पलीकडं, माळावर. जिल्हा सातारा, पण पाय वळतात सांगलीकडं. विट्यापर्यंत एक यष्टी, पुढं दुसरी. सांगलीत राजेश्वरी मॅडम आहेत. मशीनमधून पोरांना काय ऐकू येतं ते तपासायचं, त्याप्रमाणं मशीन लावून द्यायचं आणि पोरांना बोलायला शिकवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ऑपरेशननं फक्त दार उघडलंय. भाषा अजून आत यायचीय. लहान वयात येते ती पटकन येते, नंतर फार अवघड जातं." ते ऐकल्यापासून मी तिच्या वयाचे महिने मोजायला लागले होते. माझी पोर बोलेल की नाही, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना तेच, धारेला बसले तरी तेच.

फर्मान निघालं त्या दिवशी तिचं मशीन पहिल्यांदा सुरू झालं आणि पहिलं मॅपिंग झालं. मॅपिंग म्हणजे मॅडम प्रांजलचं मशीन वायरनं लॅपटॉपला जोडतात. मग एकेका तारेतून किती बारीक आवाज तिला कळतो आणि किती मोठा झाला की सोसत नाही, ते बघून मशीनमध्ये तसं बसवतात. पोर हातात ठोकळा धरून बसते आणि आवाज आला की ठोकळा डब्यात टाकते. मामा मान लांब करून सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्ये काय चाललंय?"

"प्रोग्रामिंग करतेय, आजोबा. हिला बोलणं नीट कळावं म्हणून. घरी भरपूर बोला हं हिच्याशी. अगदी स्पष्ट बोला."

मामांनी यातलं 'भरपूर' गाडीतच सांडलं आणि 'स्पष्ट' तेवढं घरी आणलं. घरी येईस्तोवर त्याचं 'शुद्ध' झालं होतं.

त्यांचं डोकं असं का चाललं, तेही सांगते. मामांना लिहिता येतं जेमतेम, म्हणून ते मोबाईलला तोंडानं विचारतात. मेंढरांना खुरकूत आली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्येंढराला खुरकूत झालीया, काय करू?" मोबाईलनं कुरकुरीत भजी कशी करायची ते दाखवलं. मामा पुन्हा ओरडले, पुन्हा भजी आली. शेवटी त्यांनी माझ्याकडून वाक्य घोकून घेतलं, "मेंढ्यांच्या खुरकुतीवर उपाय सांगा," आणि उपाय लगेच हजर. तेव्हापासून मामांची खात्री झाली की मशीनला आपली बोली कळत नाही. मशीनमध्ये शुद्ध भाषा भरलेली असते. मॅडमनी तर त्यांच्या डोळ्यांदेखत लॅपटॉपमधून पोरीच्या कानात भरली होती. मग तिच्यापुढं 'हाय' आणि 'न्हाई' बोललं तर आत भजीच पोचणार की नाही?

खरं सांगू? तेव्हा मलाही ते पटलं. पोरीच्या बाबतीत कोणी काहीही सांगितलं तरी मी ते करत होते.

तर आमचं घर शुद्ध झालं. प्रांजलचे पप्पा, तानाजी, दुधाची गाडी चालवतात. पूर्वी घरात पाय टाकल्यापासून त्यांची टकळी सुरू व्हायची, कुठं कोण भेटलं, कोणाच्या दुधाला पाणी लागलं. आता ते उंबऱ्यात थांबायचे, वाक्य जुळवायचे, "आज गाडी पंक्चर… झालेली होती… आहे," आणि कंटाळून जेवायला बसायचे. मी बारावी शिकलेली आणि माहेर फलटणचं, म्हणून शुद्धचा मक्ता माझ्याकडं. "प्रांजल, बघ, मी आता वांगे चिरत आहे." वांगे! माझी मलाच लाज वाटायची. लिहिताना हे जमतं, हात आपोआप पुस्तकी होतो. तोंडाचं तसं नाही. एकेक वाक्य आधी मनात धुऊन घ्यायचं आणि मग बोलायचं, तोवर पोर उठून कोंबडीमागं पळालेली असायची.

सगळ्यात हाल झाले आत्यांचे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडुबाई. त्यांच्याएवढी बोलणारी बाई आमच्या पंचक्रोशीत नाही. त्या चुलीशी बोलतात, वरवंट्याशी बोलतात, शेळीशी भांडतात आणि शेळीच्या वतीनं उत्तरही देतात. फर्मान निघाल्यावर त्यांनी एक दिवस प्रयत्न केला. "ये बाळा, जेवन… जेवाण… जेव," म्हणाल्या आणि ताट खाली ठेवलं.

"मला न्हाई जमायचं," त्या मला चुलीपाशी म्हणाल्या. "माझ्या बोलन्यानं पोरीचं मशीन बिघाडलं तर कुनाला त्वांड दावू? त्यापरीस म्या गप ऱ्हाते."

आणि त्या खरंच गप्प राहिल्या. प्रांजल जवळ आली की हसायच्या, कुरवाळायच्या, घास भरवायच्या, सगळं तोंड मिटून. बोलायची उबळ आली की गोठ्यात जायच्या आणि शेळ्यांना सगळं सांगून यायच्या. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं, पण पोरीपुढं मला दुसरं कोणी दिसत नव्हतं.

घरात बेधडक बोलणारा एकच माणूस उरला, तो म्हणजे मामा. लहानपणी शाळेत 'पानी' म्हटल्याबद्दल मास्तरांनी त्यांना छडीनं झोडपलं होतं. तेवढा एक धडा ते जन्मभर धरून होते, की शुद्ध म्हणजे ण. आता त्यांनी तो जिथं तिथं लावला. "प्रांजल बाळ, दूध पिऊण घे." "आजोबा राणात जाऊण येतात." "णको? बरे, णको." रोज सकाळी तिला मांडीवर घेऊन ते अंगाची ओळख करून द्यायचे. हे णाक. हा काण. ही माण. माण म्हणजे आमच्या शेजारचा तालुका. पोरीच्या गळ्यात तालुका कशाला बांधायचा, हे सासऱ्यांना विचारणार कोण?

एकदा पोर झोपल्यावर मी धीर केला. "मामा, नको असतंय. णको न्हवं."

"तुला काय कळतंय?" ते म्हणाले. "तू नुस्ती बारावी हाईस. म्या छडी खाल्लीया."

मी चुलीकडं वळले.

आणि मग एका सकाळी मी प्रांजलपुढं दूधभाकरीचा घास धरला. तिनं हात आडवा केला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "णको."

पहिला शब्द. माझ्या हातातली ताटली कुठं पडली ते मला आजही माहीत नाही. मी किंचाळले. मामा एका पायात चप्पल घालून पळत आले. "काय झाले?" या गडबडीतही शुद्धच. मी म्हटलं, बोलली. मामांनी तिला दूध विचारलं, ती म्हणाली, णको. गूळ विचारला, णको. प्रांजलचे पप्पा गाडी सुरू ठेवून आत आले, त्यांनी तिला स्वतःचा मोबाईल देऊ केला, तोसुद्धा णको. तासाभरात सगळी आळी आमच्या अंगणात होती. जो तो घरून काहीतरी घेऊन यायचा, पोरीपुढं धरायचा आणि नकार ऐकून खूश होऊन परत जायचा. माणसं एवढ्या आनंदानं नकार घेताना मी कधी बघितली नव्हती. माझं हसू थांबत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. पदराचा बोळा तोंडात, गालावरून धारा, पण आवाज म्हणून नाही.

त्यानंतर णाक आलं, काण आला, माण आली. प्रांजल स्वतःच्या अंगाला हात लावून म्हणायची आणि मामा मिशीला पीळ द्यायचे.

पुढच्या भेटीला आम्ही वाजतगाजतच निघालो म्हणा ना. घरातल्या सगळ्यांना आणा, असं मॅडमनी सांगितलं होतं. हे दुधाची गाडी सोडून येऊ शकत नव्हते, म्हणून मी, प्रांजल, मामा आणि आत्या. आत्या खिडकीशी बसून सांगलीपर्यंत मुक्या आल्या.

मॅडमनी प्रांजलपुढं लाकडी घोडा धरला. प्रांजलनं तो ढकलला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "णको." मी मॅडमच्या तोंडाकडं बघत होते, आता त्या टाळ्या वाजवतील म्हणून. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय म्हणाली ती?"

"नको म्हणते, मॅडम."

"नको नाही म्हणत. ण म्हणते." त्यांनी परत घोडा पुढं केला आणि परत तेच ऐकलं. "ण अवघड आहे हो. चांगली ऐकणारी मुलंसुद्धा तो उशिरा म्हणतात. आणि मराठीत ण नं शब्द सुरूच होत नाही. मग हिला हा येतो कुठून?"

मग त्यांनी तोंडापुढं पुठ्ठा धरला. ओठ दिसले की ही मुलं ओठ वाचतात. नुसत्या कानावर कळतंय का, ते बघायचं तर ओठ झाकावे लागतात.

"प्रांजल, डोळा कुठंय?" प्रांजलनं डोळ्यावर बोट ठेवलं. "पोट कुठंय?" पोटावर थाप मारली. "नाक कुठंय?" प्रांजल माझ्याकडं बघायला लागली. "कान कुठंय?" काही नाही. "मान?" तिनं ओठ काढला, आता रडणार अशी.

"न असलेला एकही शब्द कळत नाहीये," मॅडम हळू म्हणाल्या, स्वतःशीच. "बाकीचे शब्दही फार कमी आहेत. एव्हाना बरेच यायला हवे होते. न आत जाताना बिघडतोय की काय?"

त्यांनी वायर जोडली, लॅपटॉपवर एकेक तार तपासली. सगळ्या ठीक दिसत होत्या. ते ऐकून मला बरं वाटलं, पण मॅडमना वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मशीनमध्ये बसवलेले आवाज थोडे बदलून बघितले. तो नवा आवाज कानात जाताच प्रांजलनं तोंड वेडंवाकडं केलं, केसांतली चकती ओढून काढली आणि भोकाड पसरलं.

"आज यातून उलगडलं नाही तर एकदा पुण्याला दाखवून येऊ," मॅडम म्हणाल्या. "आतलं यंत्र तपासून घेतलेलं बरं."

"परत ऑपरेशन?"

"तशी वेळ फार क्वचित येते. तुम्ही आत्ताच तिथंवर जाऊ नका."

मी तर तिथं जाऊन पोचले होते. मला तिचं अर्धं भादरलेलं डोकं दिसत होतं, पांढरी पट्टी दिसत होती, शुद्धीवर येताना तिनं माझं बोट कसं धरलं होतं ते आठवत होतं. परत ते सगळं? आणि तोवर हातातली वर्षं निघून चालली होती, त्याचं काय? आमच्या अंगणात जिच्यासाठी सगळी आळी गोळा झाली, ती पोर काही ऐकतच नव्हती की काय, हा विचार मला सहन होईना.

रडणं ऐकून बाहेर बाकावर बसलेले मामा आत आले. मागं आत्या. मामांनी टोपी सारखी केली, नातीपुढं वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "रडायचे णाही, प्रांजल बाळ. शहाण्या मुली रडत णाहीत. णाक पूस बघू."

मॅडमचे लॅपटॉपवरचे हात थांबले.

"आजोबा, काय म्हणालात?"

मामा गांगरले. "काय चुकले का, मॅडम?"

"नाही, परत म्हणा. हे काय आहे?" मॅडमनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं.

"णाक."

"हा?"

"काण."

"आणि ही?"

"माण," मामा म्हणाले. पुढं भर घातली, "मी सर्व शुद्ध शिकविले आहे."

मॅडमनी मशीन होतं तसं पहिल्यासारखं लावलं, प्रांजलला मांडीवर घेतलं, चकती केसांत बसवली आणि ती शांत होईपर्यंत थोपटत राहिल्या. मग पुठ्ठा तोंडापुढं धरला.

"प्रांजल, नाक कुठंय?" काही नाही. "प्रांजल, णाक कुठंय?"

प्रांजलनं नाकावर बोट ठेवलं.

"कान?" काही नाही. "काण?" तिनं मशीनसकट कान धरला. "माण?" तिनं गळ्याला हात लावला आणि खुदकन हसली. आजच्या दिवसात पहिल्यांदाच या बाईला नीट बोलता आलं, असं तिला वाटलं असणार.

मॅडमनी पुठ्ठा टेबलावर आपटला. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला काही कळायच्या आधीच मी रडायला लागले.

"अहो, हिला सगळं ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "सगळं. ओठ न बघता न आणि ण वेगळे ओळखतेय ही. हा फरक भल्याभल्यांच्या कानाला कळत नाही. तारा ठीक आहेत, मशीन ठीक आहे, ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. आजोबांनी जे शिकवलं ते पोरीनं जसंच्या तसं उचललं. चुकीचंच शिकवलं, पण पोरीनं तसूभर चुकवलं नाही."

मामांना यातलं कौतुक कुठलं आणि चूक कुठली, ते कळेना. मी मॅडमना सगळं सांगितलं. फर्मान, छडी आणि मोबाईलमधली भजी. मॅडम हसून हसून खुर्चीत मागं रेलल्या. मग डोळे पुसून मामांपुढं येऊन बसल्या.

"आजोबा, मोबाईल शब्द ओळखायला बसलेला असतो. हे मशीन शब्द ओळखत नाही. ह्याला पाणी काय, पानी काय आणि मेंढराचं ओरडणं काय, सगळा आवाजच. ते फक्त आत पोचवतं. शब्द ओळखायचं काम हिचं डोकं करतं, आणि ते डोकं नुसतं बोलण्यावर वाढतं. मी भाषा भरत नाही. भाषा तुम्ही भरायची, घरात बोलता ती. कमी बोललात तर उपाशी राहील पोर."

"आमची गावठी चालंल?" मामांनी विचारलं. किती महिन्यांनी पोरीदेखत 'चालंल' ऐकलं मी त्यांच्या तोंडून.

"पळेल. ती पुढं शाळेत जाईल, तिथली भाषा तिथं शिकेल. आधी घरची तरी पोटभर मिळू दे." मग त्यांनी आम्हा सगळ्यांकडं बघितलं. "घरात जास्त कोण बोलतं?"

मी आत्यांकडं बघितलं. मामांनी छताकडं बघितलं. आत्या खाली फरशीकडं बघत होत्या.

"ह्याच," मी म्हटलं. "पण मशीन लावल्यापासून ह्या पोरीशी बोलल्याच नाहीत, मॅडम. पहिल्या दिवशी एकदा अडखळल्या, तेवढंच. त्यांचा खरा आवाज तिनं अजून ऐकलेलाच नाही."

मॅडमचं हसू गेलं. त्या आत्यांच्या जवळ गेल्या आणि त्यांचा हात धरला. "आजी, हिला सगळ्यात जास्त गरज तुमची आहे. बोला ना हिच्याशी. काहीही बोला."

आत्यांचे ओठ हलले. एवढे महिने दाबून धरलेलं तोंड, ते कोणी उघड म्हटल्यावर असं कसं उघडणार? त्यांनी नुसती मान हलवली, प्रांजलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आमच्या आधी बाहेर निघून गेल्या.

सांगलीच्या स्टँडवर ही गर्दी. बाजाराचा दिवस असावा. मी हवेत चालत होते. ऑपरेशन नाही, तारा ठीक आहेत, सगळं ऐकू येतंय, हेच मनात घोळत होतं. मामा कंट्रोल रूमच्या खिडकीशी विट्याच्या गाडीची चौकशी करायला गेले आणि माहीत नसलेल्या माणसाशी चांगलं रांगडं बोलत उभे राहिले. मी पिशवी खाली ठेवली, पाण्याची बाटली काढली, वळून बघितलं तर प्रांजल नाही.

आत्ता इथं होती. माझा पदर धरून उभी होती. सगळीकडं पायच पाय, पाट्या, बोचकी, धूर सोडत मागं येणारी एक गाडी. "प्रांजल बाळा," मी ओरडले, "इकडे ये. प्रांजल, कुठे आहेस?" माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला. फलाटावरचा भोंगा कुठल्या कुठल्या गावांची नावं घेत होता, कंडक्टर ओरडत होते, आणि गोंगाटात हिला बोलणं वेचता येत नाही हे मला पक्कं माहीत होतं. मी एकीकडं धावले, परत आले, दुसरीकडं धावले. मामा खिडकीपासून पळत आले.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"ए प्रांजेऽऽ! कुटं हाईस गं माझे बायऽऽ!"

आत्या. कमरेवर हात, मान वर, डोळे मिटलेले. माळावर एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या माणसाला अशीच हाक देतात. आमच्याकडं ती हाक मैलभर जाते. सांगलीच्या स्टँडवरही तिनं आपलं काम केलं. भोंग्याखालची माणसं वळली, कंडक्टर गप्प झाला, मागं येणारी गाडी थांबली.

आणि त्या शांततेत, पेरूवालीच्या पाटीमागून, बारीक आवाज आला.

"ओ."

आत्यांनी परत हाक मारली, आता आवाज कापत होता. "ए प्रांजे!"

"ओऽऽ."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. घरात कोणी कोणाला हाक मारली की आम्ही सगळेच ओ देतो. त्यात शुद्ध कुठलं आणि गावठी कुठलं, म्हणून मामांच्या फर्मानातून तेवढं सुटलं होतं. ती बसल्या बसल्या ऐकत होती आणि मनात साठवत होती. आज तिला कोणीतरी हाक मारली, जिचं तोंड दिसत नव्हतं, जिचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, आणि तरी ती हाक आपल्याला आहे हे तिला कळलं.

आम्ही पाटीमागं पोचलो तेव्हा ती हातात पेरू घेऊन उभी होती आणि आवाज कोणाचा ते शोधत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, मग आत्यांकडं. आत्या खाली बसल्या. "म्या हाय गं, म्या. तुझी आजी हाय म्या," त्या म्हणाल्या, आणि प्रांजलनं पेरू टाकून दोन्ही हातांनी त्यांचा गळा धरला, आवाज येत होता तिथंच.

मी आई. मी तिला पोटात वाढवलं, दवाखाने केले, वांगे चिरत आहे म्हटलं, आणि लेकीची पहिली ओ सासूला. दुसऱ्या कुठल्या दिवशी मला राग आला असता. त्या दिवशी मी स्टँडवर सगळ्यांसमोर सासूच्या गळ्यात पडून हुंदके दिले. मामांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि पेरूवालीला सांगत राहिले, "आमची नात हाय. वळिकलं बगा तिनं."

विट्याची गाडी लागली. आत्यांनी प्रांजलला मांडीवर घेतलं आणि त्यांचं तोंड जे सुटलं ते सुटलं. ह्यो नदीवरला पूल, ह्यो उसाचा ट्रॅक्टर, ह्यो कसा येड्यावानी गाडी हानतोय बग, तुझ्या आज्याला अक्कल न्हाई, तुझी आय चांगली हाय पर कालवनात मीठ लय घालती. महिन्यामहिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. मी ऐकलं, मिठाचं तेवढं मनावर घेतलं नाही.

एरवी कोणी बोललं की प्रांजल त्याच्या ओठांवरून नजर काढत नाही. त्या दिवशी ती आजीच्या छातीला पाठ टेकून बसली होती, खिडकीबाहेर बघत, आणि आजी म्हणेल तिकडं तिची नजर वळत होती.